शेवखारच्या शाळेची नोंद

शांतीबाई पाटील आमच्या शाळेत मराठी शिकवायच्या. ज्या वर्गांत त्या शिकवायच्या, त्याच वर्गांत लहानपणी बसलेल्याही होत्या. वडील मिठागरावर कामाला, आई त्यांच्याबरोबर डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहणारी. शेवखारच्या हायस्कुलातून निघून, पेणला कॉलेज करून पुन्हा त्याच शाळेत बाई म्हणून आलेली ती पहिली मुलगी. मी रोह्याहून तिथं विज्ञान शिकवायला गेले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला खुर्ची सरकवून दिली आणि म्हणाल्या, "मृणाली, खिडकीकडची नको घेऊस. भरतीच्या वेळी खाडीचा वास येतो. आधी सवय होऊ दे."

पेणहून येणारी एस.टी. शेवखारला येऊन थांबते, तिथून पुढं रस्ता नाही. गावठाण आणि शाळा उंचवट्यावर. खाली भातशेती, तिच्यापलीकडं खाडी अडवून धरणारा मातीचा बांध, आणि त्या बांधाच्या टोकाला बंदरपाडा नावाची वस्ती. पाड्यावरची मुलं बांधावरूनच शाळेत येतात. दुसरी वाट नाही.

शांतीबाई बोलायच्या कमी. एखादं वाक्य तोंडातल्या तोंडात घोळवून मग बाहेर काढायच्या. मुलांच्या निबंधात 'खूप' हा शब्द दिसला की त्याखाली तांबडी रेघ मारून विचारायच्या, "खूप म्हणजे किती रे?" शब्दाला जपणारी बाई, म्हणूनच ते काम त्यांच्याकडं आलं.

१९९८च्या जूनमध्ये पुण्याहून देवस्थळी नावाचे एक गृहस्थ शाळेत आले. 'रायगड परिचयकोश' नावाचा मोठा ग्रंथ त्यांची संस्था काढत होती. गावं, नद्या, देवळं, बंदरं, जुन्या शाळा, सगळ्यांच्या नोंदी. आमची शाळा खारपट्टीतली पहिली म्हणून तिची नोंद हवी होती. देवस्थळी उत्साही माणूस. म्हणाले, "पुस्तक तर निघेलच, पण पुढं हे सगळं इंटरनेटवर जाणार आहे. अमेरिकेत बसलेल्या माणसालाही तुमची शाळा वाचता येईल." आमच्या गावात तेव्हा धड फोनही लागत नव्हता, त्यामुळं आम्ही हसलो. मुख्याध्यापकांनी काम शांतीबाईंवर सोपवलं. ते त्याच वर्षअखेरीस निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी शांतीबाईच येणार हे सगळे धरून चालले होते.

बाईंनी पंधरवड्यात नोंद लिहिली. एक पानभर. शाळा कधी सुरू झाली, पहिले वर्ग कुठं भरले, पहिले मुख्याध्यापक एलियास अष्टमकर, जागा कामथेकर घराण्याची, भराव घालायला मिठागरकामगारांनी श्रमदान केलं, पहिली बॅच कधी बाहेर पडली. मला वाचायला दिली. मला ती छान वाटली. कुणाला टोचेल असं त्यात काहीच नाही, असं मी म्हणालेसुद्धा.

त्यांनी कागद माझ्या हातून परत घेतला. मग म्हणाल्या, "तेच तर."

संध्याकाळी त्यांचा थोरला भाऊ केरू शाळेच्या फाटकाशी उभा होता. गावातला तोंडाळ पण कामाचा माणूस. बांधाची दुरुस्ती असो की नळाचं पाणी, तहसीलदारापुढं तोच बोलायचा. कोशाची बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती.

"शांते, सरूचं लिवलंस?"

"नाय दादा."

"मग काय लिवलंस? आबासायब कामथेकराच्या बापाची आरती?"

केरू मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "तुझ्या बाजूला बसायची ती. तुला इसर पडला आसंल, गावाला नाय पडला."

त्या दिवशी एस.टी.ची वाट बघत असताना बाईंनी मला सगळं सांगितलं. १९७१चा पावसाळा. शनिवार, सकाळची शाळा. अमावास्येचं उधाण होतं. अशा दिवशी भर दुपारी खाडीचं पाणी बांधाच्या माथ्याला लागतं, म्हणून शाळा सुटली की पाड्यावरची पोरं धावत घर गाठायची. पण त्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब कामथेकर मुंबईचा कुणी मोठा पाहुणा घेऊन येणार होते. पाहुणा येईपर्यंत कुणालाही सोडायचं नाही, असा त्यांचा निरोप आला. पोरं ओळीनं पटांगणात उभी. स्वागतगीत म्हणणाऱ्यांत शांती होती, तिच्या शेजारी सातवीतलीच सरू म्हात्रे. मोटार चिखलात अडकली, पाहुणा उशिरा आला, गीत झालं, तात्यासाहेबांचं भाषण झालं. मग सुट्टी. शांतीचं घर गावठाणात, ती चार उड्या मारून घरी पोचली. पाड्यावरची पोरं बांधाला लागली तेव्हा पाणी चढलेलं होतं. मोठी मुलं पुढं निघून गेली. सरू मागं राहिली आणि तिच्या पायाखालचा बांध फुटला.

"मग शाळेनं काय केलं?" मी विचारलं.

"शाळेनं काय करायचं? दुसऱ्या दिवसापासून गावात बोललं जायला लागलं की सरू शाळेत आलीच नव्हती. खाडीत चिंबोऱ्या-खेकडे धरायला गेली आणि बुडाली. कुणी पहिल्यांदा म्हटलं देव जाणे. पण पुढं पाड्याबाहेरचा जो तो तेच म्हणायला लागला." त्यांनी पिशवी मांडीवर ओढली. "मी शेजारी उभी होते, मृणाली. तिचा घसा बसला होता, म्हणून ती नुसते ओठ हलवत होती."

बाईंनी नोंद पुन्हा लिहायला घेतली. एकच वाक्य वाढवलं: '१९७१ च्या पावसाळ्यात उधाणाच्या वेळी बांध फुटून, शाळेतून घरी परतणारी इयत्ता सातवीची विद्यार्थिनी सरू जनू म्हात्रे हिचा मृत्यू झाला.' ना तात्यासाहेबांचं नाव, ना पाहुण्याचं.

संस्थेचे अध्यक्ष आता तात्यासाहेबांचे चिरंजीव आबासाहेब होते. पेणला राहायचे, आठवड्यातून एकदा शाळेत यायचे. आवाज चढवून बोलणारा माणूस नव्हे. शिपायालाही 'अहो' म्हणत. नोंद वाचून त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पाटीलबाई, हे शाळेबद्दल आहे का?"

"शाळेतून घरी जाताना झालं, साहेब."

"म्हणजे बांधावर झालं. बांध सरकारच्या खारभूमी खात्याचा. त्यांच्या नोंदीत जाऊ दे. शाळेच्या नोंदीत शाळेतलं यावं. निकाल, इमारत, खेळ." मग चष्मा पुन्हा लावत म्हणाले, "त्या दिवसानंतर तात्यांनी आयुष्यात कधी भाषण केलं नाही. कुठंही. ते लिहिणार आहात का तुम्ही?"

मला त्या पुढं म्हणाल्या की तेही लिहिण्यासारखं होतं, पण त्यासाठी आधीचं लिहावं लागलं असतं.

उठताना आबासाहेबांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काळुराम बरा आहे ना? शिफ्ट जमते?" काळुराम म्हणजे बाईंचे यजमान. नागोठण्याच्या बाजूला एका कंपनीत ठेकेदाराकडं कामाला होते, आणि तो ठेकेदार आबासाहेबांच्या शब्दातला. आबासाहेबांनी धमकी दिली असं मी म्हणणार नाही. विचारपूसच केली. पण त्या दिवशी बाईंनी डबा उघडला नाही.

घरी काळुरामांनी हात जोडले. "तुझा भाऊ उद्या पुढारी होईल. मी कुठं जाऊ? तुला शाळेत खुर्ची मिळतेय, मला काम हाय. त्या पोरीला जाऊन सत्तावीस वर्सं झाली गो." माणूस वाईट नव्हता. घाबरलेला होता. घाबरलेल्या माणसाशी भांडता येत नाही, असं बाई म्हणायच्या.

तरी त्यांनी ती नोंद पुण्याला पाठवली. आठ-दहा दिवसांनी शाळेत देवस्थळींचा फोन आला. मी शेजारीच उभी होते. ते मोठ्यानं बोलायचे, त्यामुळं पलीकडचंही ऐकू येत होतं.

"बाई, ते अपघाताचं वाक्य. आधार काय त्याला?"

"मी तिथं होते."

"तसं चालत नाही हो. छापील आधार लागतो. वर्तमानपत्र, स्मरणिका, सरकारी अहवाल, काहीही. कोशात मी स्वतः पाहिलं असं लिहिता येत नाही. उद्या कुणीही उठून काहीही पाहिलं म्हणेल."

"त्या वेळी इथं कुणी पेपरवाला येत नव्हता."

"मग कठीण आहे. तुमच्या संस्थेची रौप्यमहोत्सवी स्मरणिका आहे माझ्याकडं. तिच्यात तर काही नाही."

बाईंनी फोन ठेवला. संस्थेनं छापलं ते खरं, आणि संस्थेनं छापलं नाही ते झालंच नाही. देवस्थळींचा नियम चुकीचा नव्हता. तोच नियम लावून कोशातल्या इतर शंभर थापा त्यांनी गाळल्या असतील. आमच्या शाळेपाशी मात्र त्याचं तोंड उलटं फिरलं होतं.

श्रावणात एका रविवारी बाई मला घेऊन बंदरपाड्यावर गेल्या. सरूची आई गोदूबाई तिथं एकटीच राहायची. नवरा जनू केव्हाच गेलेला. अंगणात ती सुकट पसरत बसली होती. पाऊस उघडला होता म्हणून तिची घाई चालली होती. बाईंना बघून तिनं हात पुसले.

"ये गो शांती. मास्तरीण आलीस व्हय आज?"

बाईंनी खाली बसून, शब्द जुळवत, सगळं सांगितलं. पुस्तक निघतंय, शाळेची माहिती त्यात येणार, दादा म्हणतोय सरूचं यायला हवं. "काकी, मी कुणाला इचारलंच नाय तुझ्या मनात काय हाय ते. लिहू का?"

गोदूबाई सुकटीतला कचरा वेचत राहिली. मला वाटलं, तिला कळलंच नाही. मग ती म्हणाली, "मेली ते लिवून काय करायचं? मरतात मान्सं. भरती कुनाला इचारून येते काय?" मूठभर सुकट तिनं बाजूला सारली. "पन चिंबोऱ्या धरत नव्हती ती. सकाळी येनी घालून दिली मीच. रिबीन लावली. शाळंत गेली, शाळंतनं येत होती. तेवढं लिवतीस तर लिव. नायतर काय बी नको."

"तेवढंच लिहिते, काकी."

"पुस्तकात आलं म्हंजे पाड्याबाह्यरचे बी मानतील ना?"

बाई 'हो' म्हणाल्या. त्या 'हो'नं त्यांना पुढं बांधून घातलं असं मला वाटतं. तोवर त्या हे काम सोडूनही देऊ शकल्या असत्या.

कुणा मोठ्या माणसाची साक्ष मिळाली तर देवस्थळी ऐकतील, असं मला वाटत होतं. पहिले मुख्याध्यापक एलियास सर रोह्याला, अष्टमीत राहत होते. आमच्याच बाजूचे. लहानपणी मी त्यांच्याकडं इंग्रजीला जायचे. एका सुट्टीच्या दिवशी आम्ही पेणहून गाडीनं रोह्याला गेलो.

सर ऐंशीच्या घरात होते. त्यांची बायको लीया वारलेली, मुलगी शीरा इस्रायलात. तिच्याकडं कायमचं जायचं ठरलं होतं. घरात निम्मं सामान बांधलेलं. अष्टमीत त्यांच्या ज्यू समाजाची पूर्वी बरीच घरं होती. आता बोटांवर मोजण्याइतकी. सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला दहा पुरुष जमवायचे तर अलिबागहून बोलवावे लागतात, असं सर हसत सांगत होते.

बाईंनी विषय काढला आणि सरांचं हसू मावळलं.

"शांती, त्या दिवशी मी शाळेत नव्हतो."

बाईंना हे आठवत नव्हतं. बारा वर्षांच्या मुलीला पटांगण आठवतं, गाणं आठवतं. मुख्याध्यापक होते की नव्हते हे कुठून आठवणार?

"शनिवार होता ना," सर म्हणाले. "आमचा शब्बाथ, त्या दिवशी काम करायचं नसतं. तात्यासाहेबांशी माझं पहिल्याच दिवशी बोलणं झालं होतं, शनिवारी मी येणार नाही. बदल्यात रविवारी जादा तास घ्यायचो मी. सात-आठ वर्षं कुणाची तक्रार नव्हती. सरू गेली आणि मग पाड्यावरचे लोक विचारायला लागले की मुख्याध्यापक कुठं होते. मी राजीनामा दिला. दिला म्हणजे, द्या म्हणाले."

"तुम्ही असता तर पोरांना सोडलं असतंत, सर," बाई म्हणाल्या.

सरांनी मान हलवली. "ते मला ठाऊक नाय गो. तात्यासाहेबांचा निरोप मोडायची छाती झाली असती काय माझी? इतकी वर्षं मी हेच स्वतःला विचारतोय. कधी म्हणतो हो, कधी म्हणतो नाय."

बाईंनी त्यांना देवस्थळींचा नियम सांगितला. सरांची साक्षही छापील नव्हती, आणि ते तर तिथं नव्हतेच. निघताना सर दारापर्यंत आले. "तुला काय लिहायचं ते लिही. माझं नाव टाळायचं म्हणून काही सोडू नकोस," म्हणाले. आम्ही वळणापर्यंत गेलो तरी ते दारातच उभे होते.

ही भेट आबासाहेबांच्या कानावर कशी गेली कोण जाणे. आमच्या भागात एस.टी.च्या कंडक्टरलाही सगळं माहीत असतं. पुढच्या आठवड्यात त्यांनी बाईंना बोलावलं, खुर्चीवर बसवलं, चहा मागवला.

"पाटीलबाई, मी विचार केला. तुमचं म्हणणं बरोबर आहे. घडलेलं लपवू नये. येऊ दे ते वाक्य. मी स्वतः संस्थेच्या लेटरहेडवर देवस्थळींना कळवतो. म्हणजे आधाराचाही प्रश्न मिटला."

बाईंचा विश्वास बसेना.

"फक्त पूर्ण लिहा. अर्धवट नको. पुढं एवढंच जोडा: 'त्या दिवशी मुख्याध्यापक एलियास अष्टमकर शाळेत अनुपस्थित होते, त्यांनी नंतर राजीनामा दिला.' यात एक अक्षर खोटं असेल तर सांगा."

एक अक्षर खोटं नव्हतं. बाई माझ्यापाशी येऊन बसल्या. "सगळं खरं आहे ग त्यात," त्या म्हणाल्या. "आणि वाचणारा समजेल की सरूला एलियास सरांनी मारलं. शनिवार का ते त्यात नसेल. निरोप कुणाचा ते नसेल. सर तर जाणार आता. उत्तर कोण देणार?"

"मग तुम्ही निरोपाचंही लिहा ना."

"त्याला आधार?"

त्यांनी आबासाहेबांना नाही म्हणून सांगितलं. कारण दिलं नाही. घरी काळुराम दोन दिवस बोलले नाहीत. केरू मात्र रोज बोलायचा. त्याला वाटत होतं, बहीण मुद्दाम वेळ काढतेय. गावच्या बैठकीत तो सगळ्यांसमोर म्हणाला, "आमची शांती मोठ्या खुर्चीच्या आशेनं गप हाय." बाईंना हे त्यांच्या जावेनं येऊन सांगितलं.

तेव्हा त्यांनी एक वाट शोधली. पेणला 'खाडीकाठ' नावाचं एक साप्ताहिक निघायचं. चार पानं. त्यात गणपतीच्या कारखान्यांच्या जाहिराती, भाताचे भाव आणि वाढदिवसांच्या शुभेच्छा. बाईंनी त्याला एक छोटा लेख दिला, 'माझी वर्गमैत्रीण'. कुणावर आरोप नाही. पटांगण, गाणं, बसलेला घसा, वेणी, रिबीन, बांध. जोहे गावाहून गणपतीच्या मूर्तींनी भरलेले टेम्पो पेणच्या रस्त्यावर रांगा लावून उभे असायचे त्या दिवसांत तो अंक निघाला. मी दहा प्रती आणल्या. बाईंनी एक प्रत पुण्याला पाठवली आणि मला म्हणाल्या, "आता छापील आहे."

आठवडाभर त्या वेगळ्याच होत्या. वर्गातून त्यांचं हसणं ऐकू यायचं. केरूनं लेख पाड्यावर वाचून दाखवला. फाटकाशी येऊन बहिणीच्या हातावर केळ्यांचा घड ठेवून गेला.

पुढच्या अंकात उत्तर आलं. शाळेच्या तीन माजी विद्यार्थ्यांच्या सह्या होत्या, तिघंही प्रतिष्ठित. एक तर मुंबईत डॉक्टर. 'सदर मुलगी त्या दिवशी शाळेत हजर नव्हती. ती खाडीत चिंबोऱ्या पकडताना बुडाली हे गावात सर्वश्रुत आहे. भावनेच्या भरात शाळेची बदनामी होऊ नये.' तिघं खोटं बोलत होते असंही नाही. ते तेव्हा वरच्या वर्गांत होते, सुट्टी होताच घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी गावानं सांगितलं ते त्यांनी मनात ठेवलं. इतक्या वर्षांनी त्यांना ते पाहिल्यासारखंच आठवत असेल.

दिवाळीनंतर देवस्थळी स्वतः आले. आले ते खुशीतच. स्टाफरूममध्ये बसून त्यांनी टाईप केलेला मजकूर बाईंपुढं ठेवला.

"बघा, मार्ग निघाला. दोन्ही बाजू छापील आहेत, दोन्ही एकाच साप्ताहिकात. आम्ही कुणाची बाजू घेत नाही. दोन्ही मतं द्यायची, वाचक ठरवेल."

बाईंनी वाचलं. मग कागद माझ्याकडं सरकवला. '...सरू जनू म्हात्रे ही विद्यार्थिनी शाळेतून घरी परतत असताना, मतांतराने खाडीत चिंबोऱ्या पकडत असताना, बुडून मरण पावली.'

"मतांतर नाही हे," बाई म्हणाल्या. "मी तिच्या शेजारी उभी होते."

"मला तुमचं पटतं हो, बाई. खरंच पटतं. पण माझ्या पटण्यावर कोश कसा चालेल?" देवस्थळींचा चेहरा खरोखर पडला होता. "हे ठेवू, नाहीतर वाक्यच काढून टाकू. मधलं काही माझ्या हातात नाही. आणि मला आजच सांगा. छपाई अडली आहे."

स्टाफरूमच्या खिडकीतून बांध दिसतो. बाई तिकडं बघत नव्हत्या. त्या कागदाकडं बघत होत्या, आणि त्यांचे ओठ हलत होते. वाक्य घोळवत होत्या की काय, मला कळेना. आजवर चिंबोऱ्यांची गोष्ट नुसती गावच्या तोंडी होती. तोंडची गोष्ट माणसांबरोबर मरते. आता ती पुस्तकात जाणार होती, जिथून ती कुणालाच काढता येणार नव्हती. आणि तिथवर तिला नेणारी वाट बाईंनी स्वतःच्या हातानं करून दिली होती.

"काढून टाका," त्या म्हणाल्या.

"सगळं वाक्य?"

"हो. एलियास सरांचं नाव पहिले मुख्याध्यापक म्हणून राहू द्या. बाकी काढा."

मी त्यांना थांबवायला हवं होतं का, हे मला आजही ठरवता येत नाही. पण थांबवून काय सुचवणार होते?

बातमी पसरायला वेळ लागला नाही. आबासाहेबांनी आपल्या परीनं अर्थ लावला. त्यांना वाटलं, बाई शहाण्या झाल्या. डिसेंबरात मुख्याध्यापक निवृत्त झाले आणि संस्थेनं शांतीबाईंची नेमणूक केली. काळुराम पेढे घेऊन आले. गावानंही अर्थ लावला. खुर्चीसाठी सरूला विकली. केरू फाटकाशी आला तो एकदाच.

"तुज्या हातानं काढलंस म्हन तू?"

"व्हय, दादा."

"का?"

बाईंना सांगता आलं असतं. पण केरूच्या पोटात काही राहत नाही. त्याला सांगितलं की संध्याकाळपर्यंत पाड्यावर कळणार, आणि गोदूबाईला समजणार की पुस्तकवाल्यांना तिची पोरगी दोन्हीकडं, शाळेतही आणि खाडीतही, दिसत होती. बाई गप्प राहिल्या. केरू थुंकला. बहिणीच्या अंगावर नाही, बाजूला. पण ती तिथंच उभी होती.

पुढं महिन्याभरानं मी बाईंबरोबर गोदूबाईकडं गेले. तिनं एवढंच विचारलं, "आलं काय गो पुस्तकात?"

"नाय, काकी. जागा कमी पडली त्यांना."

गोदूबाई म्हणाली, "जाऊं दे." मग म्हणाली, "चा पिऊन जा." आम्ही चहा प्यायलो. तिनं बाईंच्या कपात दुसऱ्यांदा ओतला, माझ्या नाही. परतताना बांधावर बाई म्हणाल्या, "नोकरी सोडावी म्हटलं. पण सोडली तर काळुरामचं काम जाईल, आणि लोक म्हणतील पाप खाल्लं ते पचलं नाय. धरली तरी तेच म्हणतात." त्यांच्या आवाजात चीड नव्हती. एखाद्या मुलाला गणित समजावून सांगावं तशा बोलत होत्या.

मुख्याध्यापक झाल्यावर त्यांनी एक गोष्ट केली. पावसाळ्यात उधाणाच्या दिवशी पाड्यावरच्या मुलांना पाणी चढायच्या कितीतरी आधी सोडायचं, पाहुणा असो वा परीक्षा. आबासाहेबांनी हरकत घेतली नाही. गावात कुणी याबद्दल बरं बोललं नाही, वाईटही नाही. केरू म्हणाला म्हणे, "आता कळलं व्हय यांना."

कोश १९९९ मध्ये निघाला. आमच्या शाळेची नोंद सहा ओळींची. निकाल, इमारत, पटसंख्या, कामथेकर घराण्याचं योगदान. श्रमदानाचं वाक्यही जागेअभावी गेलं होतं. एलियास सर तोवर शीराकडं पोचले होते. त्यांचं नाव मात्र आलं होतं, 'अष्टमीकर' असं चुकून छापलेलं. प्रत शाळेत आली तेव्हा बाईंनी ती उघडली, चुकीखाली तांबडी रेघ मारली आणि कपाटात ठेवली.

त्याच वर्षी मला रोह्याच्या एका शाळेत नोकरी मिळाली. शेवटच्या दिवशी बाई पेणपर्यंत माझ्यासोबत आल्या. त्यांना बोर्डाच्या परीक्षेचं काही काम होतं. संध्याकाळी एस.टी. स्टँडवर मी माझ्या गाडीची वाट बघत होते, त्या शेवखारच्या. पलीकडच्या बाकावर खताची पिशवी घेऊन केरू बसलेला. त्यानं आम्हाला पाहिलं आणि मान फिरवली. शेवखारला जाणारी ती शेवटची गाडी होती.

गाडी लागली. केरू मागच्या दारानं चढला. बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला, "पत्र टाक," म्हणाल्या आणि पुढं जाऊन बायकांच्या सीटवर बसल्या. कंडक्टरनं घंटी मारली. दोघं एकाच गाडीतून एकाच गावाला निघाले. मी हात हलवला, पण काचेवर धूळ होती. बाईंना तो दिसला नसावा.